ऐकण्यासाठी वेगळं यंत्र कशाला?

खिशात मोबाइल असताना गाणं ऐकण्यासाठी आणखी एक यंत्र विकत घ्यावं का? बाजाराने या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे. २००१च्या ऑक्टोबरात ॲपलने आयपॉड आणला तेव्हा पाच गिगाबाइटच्या त्या डबीत हजार गाणी मावतात याचंच केवढं अप्रूप होतं. २००७च्या जानेवारीत त्याच कंपनीने आयफोन दाखवला तो आयपॉड, फोन आणि इंटरनेट ही तिन्ही साधनं एकत्र आणणारं यंत्र म्हणून. २०२२च्या मे महिन्यात तिने आयपॉडचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र म्युझिक प्लेअर आजही मिळतात, पण ते मुख्यतः आवाजाच्या दर्जाबाबत चोखंदळ असलेल्यांसाठी. फाइल किती दाबलेली आहे, ब्लूटूथवरून जाताना किती तपशील गळतो, हेडफोनला पुरेशी ताकद मिळते का, यावर त्यांची चर्चा चालते. हे फरक खरे आहेत. मात्र एसटीच्या घरघरीत किंवा लोकलच्या गर्दीत ते बहुतेकांच्या कानाला जाणवणारही नाहीत. तेवढ्यावरच निवड करायची असेल तर मोबाइल पुरे. पण ज्यांच्या लेखी ऐकणं ही उपासना आहे, मग ती अभंगाची असो, प्रवचनाची असो किंवा रागाची, त्यांच्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. तिथे तो मनाच्या स्वभावाचा आणि व्रताच्या अर्थाचा प्रश्न होतो. मनाविषयी आपल्या परंपरेने जे सांगून ठेवलं आहे ते मान्य केलं, तर ऐकण्याला स्वतंत्र साधन देणं हा माणसाने आपलं स्वातंत्र्य राखण्याचा एक मार्ग ठरतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी श्रवणाचं स्थान पाहू. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रह्लाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो, त्यांत श्रवण पहिलं येतं. समर्थांनी दासबोधाचा चौथा दशक या नऊ प्रकारांना दिला आणि त्यातला पहिला समास श्रवणाला. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला उपदेश करतो तेव्हा श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम लागतो आणि पुढच्या वेदान्ताने तो प्रमाण मानला. इस्लामी परंपरेत गझालींच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात समा, म्हणजे भक्तिगीतांचं श्रवण, यावर स्वतंत्र विवेचन आहे. श्रवणाला योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबत लागते, हे सूफी संत जुनैद यांच्या नावाने सांगितलं जाणारं मत त्यात येतं. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात स्वतःलाच तपासतात की स्तोत्र ऐकताना आपण त्यातल्या आशयाने हलतो की नुसत्या सुराच्या गोडीने. या सगळ्यांचे धर्म वेगळे, काळ वेगळे. तरी कान उघडे असले की ऐकणं आपोआप होतं, असं त्यांच्यापैकी कुणीच मानलेलं नाही. ऐकणं ही करायची गोष्ट आहे, तिला तयारी लागते आणि ती बिघडूही शकते, हे त्यांनी धरूनच चाललं आहे.

ती बिघडते कशी, हे समजायला मनाकडे वळावं लागतं. त्याच बृहदारण्यकात एक साधं निरीक्षण येतं की चित्त दुसरीकडे असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही आणि शेजारचं ऐकू येत नाही. म्हणून खरं पाहणारं आणि ऐकणारं ते मन. न्यायसूत्रांनी हाच धागा तर्काने पुढे नेला. डोळा, कान, त्वचा यांचा आपापल्या विषयांशी एकाच वेळी संबंध येत असतो, तरी त्यांची ज्ञानं एकदम होत नाहीत, एकामागून एक होतात. याचा अर्थ आत्मा आणि इंद्रियं यांच्यामध्ये एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जाणारं काहीतरी असलं पाहिजे. तेच मन, आणि म्हणून नैयायिकांनी ते अणुरूप मानलं. विसाव्या शतकात प्रयोगशाळेतून याला अनपेक्षित दुजोरा मिळाला. १९५३ साली कॉलिन चेरी या संशोधकाने माणसांना हेडफोन लावून दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली, तरी ऐकणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं नाही. पुढे १९५९मध्ये नेव्हिल मोरे यांना असं आढळलं की दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव उच्चारलं, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू जातं. या दोन प्रयोगांतून मनाचे दोन गुण कळतात. ते एका वेळी एकाच ठिकाणी असतं, आणि ‘मला कुणीतरी हाक मारतंय’ ही खूण त्याला तिथून ओढून नेऊ शकते. मोबाइलचा आपल्या ऐकण्याशी जो संबंध येतो, तो या दुसऱ्या गुणामुळे.

लक्ष ढळल्याने नेमकं काय हातचं जातं, हे मारव्यासारख्या रागात स्पष्ट दिसतं. मारव्यात पंचम वर्ज्य आहे, म्हणून तानपुऱ्याची पहिली तारही निषादावर किंवा धैवतावर मिळवतात. रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि सगळा भार रिषभ-धैवतावर. षड्ज हा खरा आधारस्वर, पण गायक तो टाळत राहतो. निषादावरून षड्जाला वळसा घालून थेट रिषभावर जातो. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झूमऱ्यातला मारवा ऐकताना काही मिनिटांतच कान षड्जाला पारखा होतो. रिषभावरच थांबायचं आहे की काय असं वाटू लागतं, अस्वस्थपणा साचत जातो, आणि मग कधीतरी षड्ज लागतो. तो लागायला क्षणभरच पुरतो, पण त्याचा अर्थ आधीच्या सगळ्या वाट पाहण्यातून आलेला असतो. आता समजा, त्याच्या थोडं आधी बँकेचा संदेश आला आणि मन तिकडे जाऊन परतलं. षड्ज तोच ऐकू येईल, ध्वनीत काडीचीही उणीव नसेल. पण ज्या अस्वस्थतेला तो उत्तर देत होता ती ऐकणाऱ्यात उरलेलीच नसेल. ही हानी कोणत्याही महागड्या हेडफोनने भरून येत नाही. म्हणूनच यंत्राची निवड आवाजाच्या दर्जावर तोलणं मला अपुरं वाटतं. यंत्राची कसोटी ही की त्याच्या संगतीत मन किती वेळ एका जागी राहू शकतं.

या कसोटीला मोबाइल कसा उतरतो? गाणं चालू असताना संदेश आला की पुष्कळ मोबाइलांत गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो, सूचनेची टिंग वाजते आणि गाणं पुन्हा वर येतं. फोन आला तर गाणं थांबतंच. यात बिघाड काही नाही. यंत्र त्याला सांगितलेलं काम चोख करत असतं. मात्र त्यातून त्याचा प्राधान्यक्रम कळतो. मोबाइलच्या रचनेत गाणं सर्वांत खालच्या पायरीवर आहे, वरचा कुणीही आला तरी त्याने बाजूला व्हायचं. यूट्यूबवर पैसे न भरता पंडित भीमसेन जोशींचा अभंग ऐकणाऱ्याला बहुधा पडदा चालूच ठेवावा लागतो, कारण पडदा बंद केला की गाणंही बंद पडतं. ऐकायला आलेल्या माणसापुढे पाहण्याच्या दहा गोष्टी अशा रीतीने मांडून ठेवलेल्या असतात. अभंग संपला की पुढचं काय ते यंत्र ठरवतं, आणि संपल्यानंतरची जी शांतता मनाने वापरायची, ती भरून निघते. २०१७मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासाने तर नुसता जवळ ठेवलेला फोनही विचाराची काही ताकद अडवून धरतो असा निष्कर्ष काढला होता. नंतरच्या सगळ्या चाचण्यांत तो तसाच निघाला नाही, म्हणून त्यावर मी भार देत नाही. त्याची गरजही नाही. हाक मारणं हेच ज्या यंत्राचं मुख्य काम, ते हाक मारणारच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अध्यात्माच्याच बाजूने येतो. दोष मनाचा असताना यंत्र बदलून काय साधणार? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तेव्हा भगवंत त्याला अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. परिस्थिती बदल असं सांगत नाहीत. ज्याचं मन ताब्यात आहे त्याला बाजारातही समाधी लागेल आणि ज्याचं नाही त्याला गुहेतही लागणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो सहावा अध्याय अर्धाच वाचतो. त्याच अध्यायात, अर्जुनाच्या तक्रारीच्या पुष्कळ आधी, आसनाची व्यवस्था आली आहे. जागा शुद्ध हवी, आसन फार उंच नको आणि फार सखल नको, दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. मनाच्या निग्रहाबद्दल बोलणाऱ्या ग्रंथाला बसायच्या जागेची उंचीही सांगावीशी वाटली, यातच उत्तर आलं. पतंजलींच्या अष्टांगांतही आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार धारणेच्या आधी येतात. आणि प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन इंद्रियं बळाने ओढून नेतात, अशी कबुली गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. परिस्थितीची योग्य मांडणी हा अभ्यासाचा पहिला भाग आहे. स्थितप्रज्ञाला वेगळा प्लेअर लागणार नाही हे उघड आहे. पण स्थितप्रज्ञाची मोकळीक साधकाने आधीच उचलली, तर तिथवर पोचायचा रस्ताच बंद होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकला की झालं, वेगळं यंत्र कशाला? काहींना तेवढं पुरतं, आणि ज्यांना पुरतं त्यांनी खुशाल तेच करावं. अडचण अशी की यात संकल्प आणि तो मोडायचं साधन एकाच हातात, एका बोटाच्या अंतरावर राहतं. नियम पाळायचा की नाही हे एकदा ठरवून भागत नाही. जरा कंटाळा आला की ते पुन्हा ठरवावं लागतं, आणि तसं ठरवताना मन गाण्यातून बाहेर आलेलंच असतं. व्रताची कल्पना याच अडचणीतून निघाली आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा एक अख्खा खंड व्रतांना दिला, इतका हा विषय आपल्या धर्मजीवनात मुरलेला आहे. व्रताला आरंभी संकल्प असतो, मध्ये नियम आणि अखेरीस उद्यापन. एकादशीला काय खायचं याचा वाद भूक लागल्यावर घालायचा नसतो. तो आधीच मिटलेला असतो, म्हणून त्या दिवशी मन दुसऱ्या कामाला मोकळं राहतं. ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’त तर ऐकण्याचाच प्रसंग आहे. सायरनांचं गाणं ऐकता यावं म्हणून ओडिसियस स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. बांधून घेतल्याने त्याचं ऐकणं अडत नाही, उलट शक्य होतं. पर्याय जितके जास्त तितकं स्वातंत्र्य जास्त, असं आज सर्रास मानलं जातं. मला स्वातंत्र्याची खूण दुसरीच दिसते: विचार करून केलेली निवड शेवटाला नेता येणं. ज्या यंत्रावर फक्त गाणं वाजतं, त्यावर तासाभराचा संकल्प तडीला जाण्याची शक्यता अधिक, कारण तो मोडायला उठून दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या मोबाइलकडे जावं लागतं, आणि उठेपर्यंत पुनर्विचाराला वेळ मिळतो.

एखाद्या वस्तूला एकच काम नेमून देणं ही धर्माची जुनी रीत आहे. देवघरातली पळी-पंचपात्री तांब्या-पितळेचीच असते, तरी त्या पळीने कुणी आमटी वाढत नाही. धातू तोच असतो. एका कामासाठी राखल्यामुळे ती हातात येताच मन त्या कामाकडे वळायला शिकतं. अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा पाहा. ती सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याचा माणूस ती गळ्यात घालून उभा राहतो आणि आपली वेळ संपली की पुढच्याच्या गळ्यात देतो. तिच्यावर राग वाजवायचा नसतो, तारा छेडत नाम घ्यायचं असतं. वाद्य म्हणून तिच्यात आणखी काही शक्य असेल, पण तिथे तिला एकच काम दिलेलं आहे, आणि त्या मर्यादेनेच तिला मान आला आहे. त्यात एक सामाजिक बाजूही आहे. ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याला त्या वेळात दुसरं काम कुणी सांगत नाही. मोबाइल हातात असलेल्या माणसाचं उलट असतं. तो काहीही करत असला तरी सगळ्यांसाठी मोकळाच समजला जातो, आणि तोही स्वतःला तसाच समजू लागतो. रियाजासाठी मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतानाही इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी वेगळी ठेवणारे आहेत. दोन्हींतून षड्ज मिळतो. पण पेटी सुरू करणं म्हणजे रियाजाला बसणं, आणि मोबाइल उघडणं म्हणजे काहीही असू शकतं.

तिसरा आक्षेप समृद्धीचा आहे. मोबाइलने जे ऐकण्याचं भांडार उघडलं ते पूर्वी राजेरजवाड्यांनाही मिळालं नव्हतं. समर्थही श्रवणभक्तीच्या समासात कर्ममार्ग, उपासनामार्ग, ज्ञानमार्ग, योगमार्ग, व्रतांचे आणि तीर्थांचे महिमे अशी लांबलचक यादी देऊन हे सगळं ऐकत जावं असंच सांगतात. मग चार गाण्यांच्या डबीत स्वतःला कोंडून का घ्यावं? या आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. आडगावातल्या मुलीला आज किशोरी आमोणकरांचा भूप ऐकता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण समर्थांचं सांगणं त्या यादीपाशी थांबत नाही. सगळं ऐकावं, मात्र सार शोधून घ्यावं आणि असार ओळखून सोडावं, इथे त्यांचा समास येऊन पोचतो. शोधणं आणि ऐकणं ही दोन कामं आहेत आणि त्यांना मनाच्या दोन अवस्था लागतात. शोधताना मन हलतं असावं, तुलना करणारं असावं, ‘आणखी काय?’ असं विचारणारं असावं. ऐकताना तोच प्रश्न घात करतो. मोबाइल हे शोधण्याचं उत्तम साधन आहे आणि त्या कामासाठी तो आनंदाने वापरावा. जे सार म्हणून हाती लागलं ते दुसऱ्या, मर्यादित यंत्रावर घेऊन बसावं. प्लेअरवर गाणी भरायला थोडे कष्ट पडतात, निवड करावी लागते, काही वगळावं लागतं. समर्थांनी सांगितलेलं सार-असार वेगळं करण्याचं काम त्या कष्टांत होऊन जातं.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो कर्तव्याचा आहे. मोबाइल म्हणजे केवळ मोहाचं साधन नव्हे. म्हाताऱ्या आईचा फोन त्यावर येतो, मुलाच्या शाळेचा येतो, रुग्णालयाचा येतो. तासभर तो दुसऱ्या खोलीत ठेवणारा माणूस आपल्या समाधानासाठी दुसऱ्याला वाऱ्यावर सोडत नाही का? इथे पंढरपूरची पुंडलिकाची कथा आठवते. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाच्या दारात साक्षात देव आला, तरी हातातलं काम त्याने सोडलं नाही. वीट पुढे केली आणि देवाला थांबायला सांगितलं. या कथेचा एक अर्थ आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचा आहे: माणसाची सेवा उपासनेच्या आधी. तो मी निमूट मान्य करतो. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे आणि तो एकटाच आधार आहे, त्याने फोन जवळच ठेवावा. ते जवळ असणं हीच त्याची उपासना. पण कथेचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. पुंडलिकाने एका वेळी एकच काम हातात धरलं, आणि येणारा कितीही थोर असला तरी त्याला थांबता येईल एवढा विश्वास बाळगला. आपल्याला येणाऱ्या हाकांपैकी खरोखर न थांबणाऱ्या हाका किती? खरेदीच्या सवलती, गटांतले सुप्रभातचे संदेश, कुणीतरी कुठेतरी टाकलेला फोटो, हे सगळं त्याच एका आवाजात येतं ज्या आवाजात आईचा फोन येतो. हाकांची योग्यता ठरवणं हा धर्मविवेक आहे, आणि त्यासाठी दिवसातला एखादा तास तरी असा लागतो ज्यात हाकांना विटेवर उभं राहावं लागतं. घरच्यांना तो तास सांगून ठेवला, तर कर्तव्य आणि श्रवण यांत भांडण उरत नाही.

पाचवा आक्षेप अपरिग्रहाचा आहे. एक यंत्र असताना दुसरं घेणं हा संग्रहच, आणि उंची प्लेअरांच्या किमती पाहता तो श्रीमंतांचा संग्रह. शिवाय हे प्लेअर जमवणारे पुष्कळदा गाण्यापेक्षा यंत्रच ऐकू लागतात. नवा नमुना, नवी तार, नवा हेडफोन. हा धोका खरा आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला जे देऊ करतो त्यात वाद्यंही येतात, आणि नचिकेता नृत्य-गीतासकट ते सगळं परत करतो. संगीत आपोआप श्रेय ठरत नाही, तेही प्रेय होऊ शकतं. मग संगीताच्या यंत्राची काय कथा. म्हणून माझा आग्रह विकत घेण्याचा नाही, वेगळं ठेवण्याचा आहे. घरात पडून असलेला जुना मोबाइल सिम काढून, इंटरनेट तोडून, निवडक गाणी भरून ठेवला तर तो उत्तम प्लेअर होतो. याउलट आज काही महाग प्लेअर अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांवर मोबाइलची बहुतेक ॲप्स घालता येतात. तसं केलं तर नाव प्लेअरचं राहतं आणि वागणं मोबाइलचं. २०१७मध्ये सारेगामाने पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ आणला. ज्या कंपन्यांनी स्वतंत्र यंत्रं बंद केली त्यांच्या हिशेबात न बसणारं हे यंत्र घरोघरच्या ज्येष्ठांनी जवळ केलं, कारण बटण फिरवलं की गाणं लागतं आणि दुसरं काही लागत नाही. ज्याच्याकडे एकच मोबाइल आहे आणि दुसऱ्याची ऐपत नाही, त्याला कुणी श्रवणाचा अनधिकारी म्हणू नये. त्याने ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा राखली तरी हेतू साधतो. जुनैद यांच्या मतातही वेळ आणि जागा आहेत, यंत्राचं नाव नाही.

इथे माझ्याच युक्तिवादाची मर्यादा सांगितली पाहिजे. यंत्र एकाच कामाचं असलं म्हणजे श्रवण घडलं असं होत नाही. सकाळी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावली की दिवसभर गायत्री मंत्र म्हणत राहणारी छोटी पेटी अनेक घरांत दिसते. तिच्याइतकं एकनिष्ठ यंत्र सापडणार नाही, पण तिच्याकडे लक्ष देणारं कुणी नसेल तर तिथे जप होतो तो यंत्राचा. साधन राखणं आणि मन राखणं या दोन पायऱ्या आहेत, आणि पहिली चढल्याने दुसरी आपोआप चढली जात नाही. दुसरी मर्यादा एकटेपणाची. सोनीचा पहिला वॉकमन १९७९च्या जुलैत आला तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि ऐकता ऐकता सोबत्याशी बोलता यावं म्हणून एक बटणही होतं. एकट्याने कानात गाणं कोंडून बसणं असभ्य वाटेल अशी काळजी त्यामागे होती. पुढच्या नमुन्यांत ते बटण राहिलं नाही आणि लोकांनाही एकट्याने ऐकण्याची सवय झाली. कीर्तनात श्रोते एकमेकांच्या सोबतीने ऐकतात, शेजारच्याचं डोलणं आपल्याला सावरतं, टाळ्यांत आपली टाळी मिसळते. हे कोणताही प्लेअर देणार नाही. खाजगी श्रवण हे त्या सामूहिक श्रवणाची तयारी किंवा उजळणी म्हणून शोभतं. त्याची जागा त्याने घेऊ नये.

या मर्यादा मान्य करूनही मूळ निष्कर्ष ढळत नाही. मन एका वेळी एकाच ठिकाणी असतं, हाक आली की ते जातं, आणि ज्या ऐकण्यात अर्थ साचत जातो ते ऐकणं अशा एका जाण्यानेही रिकामं होतं. म्हणून निवडीचा नियम असा धरावा. बातम्या, नवी गाणी, शोध, सहज कानावर पडणारं काही, यांसाठी मोबाइल वापरावा आणि त्याबद्दल मनात अपराध बाळगू नये. जे ऐकून आपल्यात काही बदल व्हावा असं वाटतं, त्यासाठी ज्यावर हाक येत नाही असं साधन राखावं. ते महाग असण्याची गरज नाही, त्यात गाणी जितकी कमी तितकं बरं. आरंभी हे सगळं चातुर्मासापुरतं करावं, कारण ज्या व्रताला उद्यापन असतं ते झेपतं. उद्यापनाच्या दिवशी प्रामाणिकपणे पाहावं की एखादा विलंबित ख्याल किंवा एखादं प्रवचन आपण मध्ये न उठता पुरं ऐकू शकतो का. ऐकू शकत असू तर वेगळं यंत्र ठेवायचं की नाही हा प्रश्न आपला आपण सोडवू शकतो, कारण तो सोडवायला लागणारं मन तोवर आपल्या हाती आलेलं असेल. ऐकू शकत नसू, तर ते व्रत आणखी एक चातुर्मास चालवावं.